अर्धा सूर वर

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सलाम. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे शरीराने. बाकी माझं डोकं इतकं तापलंय की दुकानातली इस्त्री त्यावर ठेवली तरी गरम होईल. फोनवरच सांगणार होतो, पण तू हल्ली फोनवर पुटपुटतेस. जन्मभर मुख्याध्यापिका म्हणून शाळा दणाणून सोडलीस आणि आता फोन हातात आला की तुझा आवाज बसतो. म्हणून लिहितोय.

विषय चिमणीचा आहे. मी चालवतो त्या चर्चच्या क्वायरला पियानो वाजवते ती. औषधाच्या दुकानात कामाला आहे, दोन मुलांची आई झाली, तरी चर्चमध्ये सगळे तिला अजून चिमणीच म्हणतात. पियानोवर बोटं कशी ठेवायची हे तिला मी शिकवलं. ती माझ्याशी असं वागेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

रविवारी उपासना झाल्यावर सराव चालू होता. मी सहज तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. बघतो तर काय, जे गाणं पांढरी पाचवरून सुरू व्हायला हवं ते बाईसाहेब शेजारच्या खालच्या काळीवरून वाजवतायत. म्हणजे सबंध गाणं अर्धा सूर खाली! मी सगळ्यांना थांबवलं. विचारलं, हे काय चाललंय?  कधीपासून? तर म्हणते, "वर्ष होईल, मास्टर."

वर्ष! मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, चांगलं फैलावर घेतलं. देवाच्या घरात बसून लबाडी करतेस, म्हटलं. मला वेड्यात काढतेस, म्हटलं. तेव्हा ती काय बोलली सांगू? "मास्टर, पियानो चढलाय, पियानो चढलाय म्हणून तुम्ही दर रविवारी ओरडायचात. पियानोवाल्याने दोनदा तपासला, ठीक आहे म्हणाला. मी खाली वाजवायला लागले आणि तुमचं ओरडणं थांबलं. तुमच्यासाठीच केलं." एवढं बोलून तिने पियानोचं झाकण लावलं, पर्स उचलली आणि गेली. कोणी तिला थांबवलं नाही आणि कोणी माझी बाजूही घेतली नाही. तुझी भावजय बायकांच्या खालच्या आवाजाच्या, आल्टोच्या रांगेत उभी राहून छताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी पाळक दुकानात हजर. माझ्या अंगावरचा कोट त्याच्याहून वयाने मोठा आहे. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला, चहा प्यायला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मास्टर, कान तपासून घ्या. चिमणीची माफी मागा. आणि काही दिवस क्वायर दुसऱ्याच्या हाती देऊन तुम्ही बासवाल्या पुरुषांत बसा." शिवाय पहिला सूर नादकाट्यावरून घ्यायचा म्हणे. ठोकला की एकच ठरलेला सूर देतो ना, तो लोखंडी चिमटा! या गावात माझ्या गळ्यातून निघालेला सूर तपासायला आजवर कोणाला चिमटा लागला नाही.

मी म्हटलं, आणि नाही ऐकलं तर? पंचमंडळात ठराव करून काढून टाकणार का मला? तर म्हणतो, "नाही. मी काढून घेणार नाही. तुम्ही द्यायचंय."

याचा मला जास्त राग आलाय. काढून टाकलं असतं तर निदान भांडता आलं असतं. तूच सांग, यात माझं काय चुकलं?

तुझा भाऊ

१२ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चिमणीने काहीतरी मोठा गुन्हा केलाय आणि तो माझ्या नजरेतून सुटलाय. दुसऱ्यांदाही सापडला नाही.

आधी एक गोष्ट सांगते. मी फोनवर पुटपुटत नाही. माझी सून मला सांगते, "आई, जरा हळू बोला, खालच्या मजल्यावर ऐकू जातं." आता तूच विचार कर.

अरे, तू शिंपी आहेस. गिऱ्हाईक तुझ्या ओळखीचं असो, तुझा सख्खा मेहुणा असो, टेप लावल्याशिवाय तू कापडाला कात्री लावत नाहीस. माझ्या यजमानांचा शेवटचा सूट शिवलास तेव्हा ते हसत म्हणाले होते, "माझं माप तुला पाठ आहे की." तू म्हणालास, "भावजी, माणूस बदलतो." मग तुझा कान तेवढा बदलणार नाही? कापडाला टेप चालतो आणि सुराला काटा चालत नाही, हा कुठला न्याय?

पाळक वयाने लहान आहे म्हणतोस. तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझ्या खाटेशी बसून तोच प्रार्थना करत होता. तेव्हा तू त्याचं वय विचारलं नव्हतंस. अरे, आपण रोज म्हणतो, प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मग त्याची इच्छा एखाद्या तरुण माणसाच्या तोंडून, आपल्याच दुकानात, आपलाच चहा पीत आली की ती आपल्याला चालत नाही. नम्रपणा म्हणजे मान खाली घालून चालणं नव्हे. समोरच्याचं म्हणणं खरं असू शकतं एवढं मानलं तरी पुष्कळ झालं. तू ते कधी मानलं नाहीस. लहानपणी माफी मागायची वेळ आली की तू टेबलाखाली जाऊन बसायचास, आणि आई तुझं ताट खाली सरकवायची. तिनेच तुला बिघडवलं.

ऐकायचं म्हणजे ऐकायचं. जा, डॉक्टरला कान दाखव आणि चिमणीच्या घरी जाऊन ये.

इकडे सगळं ठीक. माझ्या गाडीला जरासं खरचटलंय. फाटकाचा खांब लोकांनी भलत्याच जागी बांधून ठेवलाय. त्यावरून मुलगा माझ्यामागे लागलाय, आई, किल्ल्या दे म्हणून. ज्याला मी हात धरून चालायला शिकवलं तो मला गाडी चालवू नको सांगतो! असो. तू माझी काळजी करू नकोस.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. शाळा सुटली तरी तुझा तास काही सुटत नाही.

तुझ्या समाधानासाठी मी चर्चच्या कपाटातून तो नादकाटा काढला. दुकानात बसून गुडघ्यावर ठोकला, कानाशी धरला. ताई, देवाशपथ सांगतो, तोही चढलाय! चांगला अर्धा सूर, किंबहुना थोडा जास्तच. कोणाच्या तरी हातून फरशीवर पडला असणार. पुन्हा ठोकला, पुन्हा तेच. आता लोखंडच बिघडलं असेल तर मी कोणाचं ऐकू?

तुझी भावजय तिथे काजं करत बसली होती. तिला म्हटलं, ऐक, काटासुद्धा चढलाय. ती म्हणाली, "हो, पियानो चढला, काटा चढला, चर्चची घंटा चढली. सगळं जग चढलं, तुम्ही तेवढे जागच्या जागी." मग दोरा दाताने तोडला आणि पुढचं काज घ्यायला लागली. हे असलं बोलणं ऐकत मला दिवस काढायचे आहेत.

तू नम्रपणाचं लिहिलंस. मी उलट विचारतो. देवाने मला हा कान दिला. पियानो नव्हता तेव्हा याच कानावर सबंध मंडळी गायली. ते दान आता मी जमिनीत पुरून ठेवू, कारण एका पोराला तसं वाटतं? यालाही काही निष्ठा म्हणतात की नाही? सगळ्यांना बरं वाटावं म्हणून चुकीच्या सुराला बरोबर म्हणणं हे मला जमायचं नाही. तू त्याला हट्ट म्हण, मी त्याला खरेपणा म्हणतो.

चिमणी येत नाही. तिच्यापाठोपाठ सोप्रानोतल्या दोघी यायच्या थांबल्या. टेनरमध्ये आता आपला पोस्टमन एकटाच उरलाय, आणि तो सुरू होण्याआधी माझ्याकडे असा बघतो जणू मी त्याला थंड पाण्यात ढकलणार आहे. मी पियानो बंदच ठेवलाय. माझ्या गळ्यातून सूर देतो आणि गातो. कोणी ऐकायला नसेल तरी देव ऐकतोय.

आणि हो, तुझ्या चिरंजीवांचा फोन आला होता. त्याचं बोलणं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. तो खांब तुझ्या लग्नाच्या आधीपासून तिथेच आहे म्हणे, आणि तू त्याला धडकण्याची ही काही पहिली वेळ नाही. किल्ल्या तू पिठाच्या डब्यात लपवल्यास हेही त्याने सांगितलं. ऐकायचं म्हणजे ऐकायचं, नाही का ताई?

तुझा भाऊ

२ मार्च

छोट्या,

माझ्या मुलाने तुला फोन करून माझ्या चुगल्या सांगाव्यात आणि तू त्या ऐकाव्यात, हे मला मुळीच आवडलेलं नाही. त्याला मी तसं सांगितलंय. तुलाही सांगते.

माझी गोष्ट वेगळी आहे. गाडी ही माझी गरज आहे. यजमान गेल्यापासून मी बाजार, दवाखाना, चर्च, सगळं माझं मी करते. कोणाच्या दारात जाऊन "मला जरा सोडतोस का रे" म्हणायची वेळ मी स्वतःवर आणू दिलेली नाही आणि आणणार नाही. किल्ल्या मी कुठे ठेवते हा माझा प्रश्न आहे. तुझ्यामुळे निष्कारण सबंध पत्र गाडीवर गेलं.

नादकाटा चढत नसतो. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई माझ्या शेजारी राहतात, त्यांना विचारलं. पडला तर फार तर वाकेल, अर्धा सूर वर जाणार नाही. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या भावाचं वय काय?" मी सांगितलं. त्या "अस्सं" म्हणाल्या आणि विषय बदलला. त्या "अस्सं"मध्ये सगळं आलं.

तू खरेपणाचं बोलतोस. खरेपणा हवा असेल तर डॉक्टरकडे जायला घाबरतोस का? कान ठणठणीत असेल तर कागद आणून पाळकाच्या हातावर ठेव आणि वाजतगाजत क्वायर चालव. जात नाहीस, कारण आत कुठेतरी तुलाही शंका आहे. मी तुला पाळण्यात असल्यापासून ओळखते.

याहून जास्त लिहीत नाही. रागात लिहिलेली पत्रं नंतर वाचवत नाहीत.

ताई

१९ मार्च

प्रिय ताई,

आपल्या बेकरीवाल्या काकू गेल्या. तुला आठवत असतील, आल्टोमध्ये कडेला उभ्या राहायच्या, हाताला कायम पावाचा वास असायचा. झोपेतच गेल्या.

बेकरीवाले काका स्वतः दुकानात आले. बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, "मास्टर, तिला ते एक गाणं फार आवडायचं. शेवटच्या निरोपाला तेवढं म्हणा. दुसरं काही नको." मी त्यांचा हात धरून सांगितलं, काका, काळजी करू नका.

त्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. क्वायरमध्ये आम्ही मोजकेच होतो. पाळक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्टर, आजच्या दिवस पियानोवरून सूर घ्या. मी वाजवतो तेवढा एक." मी मान हलवली. नाही म्हणालो. ताई, मी नाहीच म्हणालो. मग डोळे मिटले, मनातला सूर शोधला आणि दिला.

पहिली ओळ कशीबशी निघाली. ते गाणं मुळातच खालून सुरू होतं हे तुला माहीत आहे. दुसऱ्या ओळीत खालच्या आवाजाचे बासवाले जिथे उतरतात तिथे त्यांना उतरायला जागाच उरली नाही. नुसती घरघर ऐकू यायला लागली. आल्टोंनी वरचा सूर धरायचा प्रयत्न केला, पोस्टमन भलतीकडेच गेला, तुझी भावजय थांबली. मग एकेक करून सगळे थांबले. मी एकटाच गात होतो. मला वाटलं बाकीच्यांना रडू आलंय. डोळे उघडले तर कोणी रडत नव्हतं. सगळे जमिनीकडे बघत होते.

मीही थांबलो. कडव्याच्या मधेच. शवपेटी समोर, आणि गाणं अर्धवट.

मी घरी येऊन सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. सराव करत नाहीत, मन लावत नाहीत, मुद्दाम केलं, मला खाली बघायला लावलं. तुझी भावजय नेहमीसारखं टोचूनही बोलली नाही. ती टोचून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण हे मी तुला सांगायला बसलो नाही. दफन झाल्यावर मी काकांना भेटायला पुढे गेलो. काय बोलायचं ते मी ठरवलं होतं, क्वायरच्या नावाने माफी वगैरे. त्यांनीच माझा हात धरला आणि विचारलं, "मास्टर, तिचं गाणं जमलं नाही का हो?" रागाने नाही विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं विचारलं. त्यांना वाटलं, गाण्यातच काहीतरी अवघड असेल.

 मी "हो, अवघड आहे" म्हणालो. ताई, तिथे उभा राहून मी खोटं बोललो, आणि खरेपणाचं लेक्चर मी तुला दिलं होतं.

तेव्हापासून माझ्याकडे आलेले कपडे तसेच पडून आहेत. कोणावर रागवावं तेच कळत नाही. सगळ्यांवर रागावून झालंय.

छोट्या

२५ मार्च

प्रिय छोट्या,

तुला उत्तर लिहायला बसले आणि दोन कागद फाडले. दोन्हीत मी तुला शिकवत होते. मला आता तो अधिकार उरलेला नाही.

गेल्या आठवड्यात मंगळवारी बाजारातून निघताना गाडी मागे घेत होते. आरशात बघितलं होतं असं मला अजूनही वाटतं. मागे एक स्कूटर होती, ती आडवी झाली. स्कूटरवाली बाई क्षणभर आधी उतरून फळवाल्याकडे वळली होती. क्षणभर आधी. ती धावत आली तेव्हा मी काच खाली केली आणि तिला म्हणाले, "गाडी नीट लावता येत नाही का?" मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं बोलायचं टाकून गाडीतून उतरले.  तिची मुलगी तिच्या हाताला धरून उभी होती.

घरी आले. पिठाच्या डब्यात हात घातला, किल्लीचा दुसरा जोड काढला, पहिला पर्समधून काढला. मुलाला देणं सोपं होतं, तो लगेच जवळ घेतो, "आई, जाऊ दे" म्हणतो. म्हणून मी सुनेच्या हातात दिल्या. तिच्याशी माझं कसं आहे ते तुला ठाऊक आहे. पिठाने माखलेल्या हातानेच दिल्या. तिने किल्ल्या धुतल्या, पुसल्या आणि आपल्या खोलीत ठेवल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून इतकी चिडले होते, सांगते तुला! कोणावर ते विचारू नकोस. मला वाटलं होतं, एकदा देवाचं ऐकलं की मनाला शांती मिळेल. मी आयुष्यभर मुलांना हेच सांगितलं. शांती वगैरे काही मिळाली नाही रे. नुसता जळफळाट झाला.

आता सून मला चर्चला नेते. ती ब्रेक असा मारते की माझा चष्मा नाकावरून खाली येतो. वळणावर हॉर्न मारत राहते. तरी मी गप्प बसते. गेल्या रविवारी चर्चच्या दारात उतरताना मला रडू आलं, तर तिने विचारलं, "आई, माझं चालवणं फार वाईट आहे का?" मी म्हटलं, "हो. पण उद्या बाजारात ने." दोघी हसलो. त्यापलीकडे अजून काही झालेलं नाही.

म्हणून मी तुला नम्र हो वगैरे सांगत नाही. मला स्वतःला ते जमलेलं नाही. मी फक्त किल्ल्या दिल्या. तू नम्र झाल्यावर मग जाईन असं म्हणत बसलास तर मरेपर्यंत जाणार नाहीस. चिडलेला असलास तर चिडलेला जा. पण जा.

तुझी ताई

१८ एप्रिल

प्रिय ताई,

इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी करून मग लिहायचं असं ठरवलं होतं. तुला "करतो" म्हणून सांगितलं असतं तर मला त्यातच केल्याचं समाधान मिळालं असतं.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तो मला एका काचेच्या खोलीत बसवून सूर ऐकवत होता, आणि मी ओळखून सांगत होतो. मी छाती फुगवून सांगितले. एकही चुकलो नाही असा विश्वास होता. त्याने कागद फिरवून माझ्यासमोर धरला, तर प्रत्येक सूर मी अर्ध्याहून जास्त वरचा सांगितला होता. म्हणाला, वय झालं की काही लोकांच्या कानाचं आतलं माप सरकतं. ज्यांचा कान पहिल्यापासून फार चांगला, त्यांनाच हे जास्त जाणवतं. बाकीच्यांना कळतही नाही. मी विचारलं, औषध? तो म्हणाला, "नाही. हे आता असंच राहणार. फोनवर ऐकायला यंत्र देतो, सुराचं काही करता येणार नाही." म्हणजे तू पुटपुटत नव्हतीस, हे लिहून देतो.

बाहेर येऊन मी फार चिडलो. तुझ्यासारखाच. देवावर चिडलो. एवढा कान द्यायचा आणि मग तोच सरकवायचा, हा काय खेळ आहे? त्याच रागात औषधाच्या दुकानात गेलो. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. तुझं "चिडलेला जा" एवढंच डोक्यात होतं.

चिमणी काउंटरमागे गोळ्यांच्या पट्ट्या कापत होती. समोर गिऱ्हाइकांची रांग. मला बघून ती शहारली, खरंच शहारली. मला वाटलं होतं, तिला एका बाजूला बोलावून हळूच सांगावं. मग आठवलं, मी ओरडलो तेव्हा सगळ्यांसमोर ओरडलो होतो. म्हणून मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर मोठ्याने म्हणालो, "चिमणी, माझा कान सरकलाय, पियानो नव्हता सरकला. तू मला सांभाळत होतीस आणि मी तुला लबाड म्हटलं. मला माफ कर." मागे कोणीतरी म्हणालं, "आजोबा, लवकर करा." तिने कात्री खाली ठेवली. मग तिचे डोळे भरून आले आणि तीही चिडली! म्हणाली, "मास्टर, मला वर्षभर किती त्रास झाला माहितीये? प्रत्येक गाणं मनात खाली उतरवून वाजवायचं! रात्री झोपेत बोटं हलायची माझी!" मी म्हटलं, "हो, बोल." ती खूप बोलली. रांग ऐकत होती. मी उभा राहिलो.

तिथून पाळकाकडे गेलो. म्हटलं, घ्या, क्वायर देतो. पण एक सांगतो, मला आतून काहीही नम्र वगैरे वाटत नाहीये. मला वाटलं, तो आता उपदेश करेल. तो म्हणाला, "मरणाच्या आदल्या रात्री येशूलासुद्धा दुःखाचा तो प्याला गोड लागला नव्हता, मास्टर. त्याने तीन वेळा सांगितलं, नको म्हणून." मग म्हणाला, "चहा घेणार?" चहा पाणचट होता. मी प्यायलो.

बेकरीवाल्या काकांकडेही गेलो. गाणं अवघड नव्हतं, मी चुकलो, असं सांगितलं. त्यांनी भट्टीतला पावांचा ट्रे बाहेर ओढला. "मग परत म्हणाल का?" एवढंच बोलले.

काल रविवारी म्हटलं. क्वायर आता चिमणीकडे आहे. सोप्रानोतल्या दोघी परत आल्या आहेत. मी बासच्या शेवटच्या खुर्चीवर. तिने काटा गुडघ्यावर ठोकला, कानाशी धरला, सूर गुणगुणला. ताई, मला तो सूर चुकीचा ऐकू आला. थोडाफार नाही, स्पष्ट चुकीचा, वर चढलेला. अंगावर काटा येईल इतका. माझा हात आपोआप उचलला गेला, सगळ्यांना थांबवायला. तुझी भावजय समोरून बघत होती. मी तो हात खाली घेऊन मांडीखाली दाबून बसलो.

गाणं सुरू झालं. मी नेहमीच्या सवयीने खाली घसरलो. चिमणीने माझ्याकडे बघून बोट वर केलं, जसं मी तिला लहानपणी करायचो तसं नाही, अगदी हळू, भीत भीत. थोडं वर, मास्टर. माझा कान ओरडत होता, नको, चुकतोयस. मी वर गेलो. जिथे मला चुकीचं वाटत होतं तिथेच जाऊन उभा राहिलो आणि तिथून गायलो, शेवटपर्यंत.

गाणं पूर्ण झालं. काका पहिल्या बाकावर रडत होते. सगळे म्हणाले, सुंदर झालं. मला सुंदर ऐकू आलं नाही. मला ते सबंध गाणं चुकीच्या पट्टीतच ऐकू आलं, आणि डॉक्टरच्या म्हणण्याप्रमाणे यापुढेही तसंच येणार. म्हणजे दर रविवारी मला माझ्या कानाला खोटं पाडायचं आहे आणि त्या पोरीच्या बोटावर विश्वास ठेवायचा आहे. एकदा करून भागणार नाही. पुढच्या रविवारीही मला हात उचलावासा वाटणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे.

माझ्यासाठी प्रार्थना कर. कान बरा व्हावा म्हणून नको. हात खाली राहावा म्हणून कर.

तुझा छोट्या